कॉम्प्युटरचे घर आवरताना
'सी ड्राइव्ह' भरला म्हणून घाबरू नका, आणि घाईने काही पुसूही नका!

घर कितीही मोठे बांधा, सामान त्याला पुरून उरतेच. आमच्या मुर्रीकडे दिवाळीच्या मागेपुढे नवे धान घरी यायला लागते, आणि त्याच्या आत कोठीची खोली रिकामी करावी लागते. जुनी पोती इकडची तिकडे, रिकामे डबे माळ्यावर, फाटकी गोणपाटे बाहेर. या सगळ्या धांदलीत कोणतीही गृहिणी शेगडी माळ्यावर नेऊन ठेवत नाही आणि धानाची पोती ओट्यावर रचत नाही. कोणती वस्तू कुठे शोभते हे तिला कुणी शिकवावे लागत नाही.

कॉम्प्युटरच्या घरात मात्र नेमके उलटे होते. सगळे सामान स्वयंपाकघरातच साठत जाते, माळा मोकळाच राहतो, आणि एक दिवस ओट्यावर पोळपाट ठेवायलाही जागा उरत नाही. पडद्यावर लाल पट्टी येते, 'लो डिस्क स्पेस'. मग घरात एकच गोंधळ! कुणी म्हणते फोटो पुसा, कुणी म्हणते दुकानात न्या, कुणी म्हणते नवाच घ्या. मैत्रिणींनो, यातले काहीही करण्याआधी शांतपणे बसून हे वाचा. पैसा लागत नाही, लागते ती एक दुपार.

सी म्हणजे काय?

पहिला प्रश्न असा की ए नाही, बी नाही, एकदम सीच का? त्याला इतिहास आहे. सुरुवातीच्या कॉम्प्युटरांना हार्ड डिस्क नसायची, पातळ फ्लॉप्या घालून काम चालायचे. ए आणि बी ही अक्षरे त्या फ्लॉप्यांच्या खणांना दिलेली. पुढे हार्ड डिस्क आली तिच्या वाट्याला सी आला. १९८३ साली आयबीएम कंपनीने 'पीसी एक्सटी' नावाचा कॉम्प्युटर काढला, त्यातली हार्ड डिस्क होती १० एमबीची. आज फोनवर काढलेले दोन-तीन फोटोच त्यात मावतील! फ्लॉप्या गेल्या, पण सीचे नाव कायम राहिले.

या सीवर विंडोज राहते, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मुख्य व्यवस्था. ते तुमचे स्वयंपाकघर समजा. कॉम्प्युटरला रोजच्या कामासाठी तिथे थोडी मोकळी जागा लागतेच. कणीक मळायला परात टेकवायची सोय हवी ना, तशीच. ती उरली नाही की यंत्र अडखळते, फाईल जतन होत नाही, आणि सुरक्षेसाठी येणारे अपडेट बसत नाहीत. ही शेवटची गोष्ट सगळ्यात गंभीर. ज्या यंत्रावरून आपण बँकेचे व्यवहार करतो, त्याची कुलपे जुनी राहतात.

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. त्यानंतर बऱ्याच घरांत विंडोज ११ चा विषय निघाला. त्याला निदान ६४ जीबीची डिस्क लागते. यंत्र इतर बाबतीत चालण्याजोगे असले तरी सी तुडुंब भरलेला असेल तर तिथेच घोडे अडते.

'फॉरमॅट मारा लागते'

आमच्या शेजारच्या वहिनींचे लहानसे किराणा दुकान आहे. घरात एक कॉम्प्युटर. भाऊजी त्यावर टॅलीत हिशेब ठेवतात, मुलगी अभ्यास करते, मुलगा सिनेमे उतरवतो. मागच्या उन्हाळ्यात सीवर एक जीबीसुद्धा जागा उरली नाही. एका दुकानात दाखवून आल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, तो दुकानवाला म्हणते फॉरमॅट मारा लागते. सगळं साफ होते म्हणते."

सगळे साफ होते हे तर खरेच! पण त्या 'सगळ्या'त काय काय आहे हे त्याने विचारले नव्हते, आणि वहिनींनाही ठाऊक नव्हते. आम्ही दोघी दुपारी बसलो आणि बघितले. शंभर जीबीच्या सीवर मुलाचे सिनेमे आणि व्हिडिओ मिळून पन्नासच्या वर जीबी होते, काही सिनेमे तर दोन-दोनदा उतरवलेले. टॅलीचा सगळा हिशेब एक जीबीसुद्धा नव्हता. आणि डाउनलोड्सच्या ढिगात वहिनींच्या आईचा, त्या गेल्या त्याच्या आदल्या वर्षीचा, चुलीपुढे बसून अनरसे करतानाचा व्हिडिओ होता. अवघ्या काही एमबीचा.

म्हणजे बघा, जागा खाणारे सामान एक आणि जपण्याजोगे सामान वेगळेच. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. तो हिशेब फॉरमॅटमध्ये गेला असता तर भाऊजींनी काय केले असते? आणि आईचा व्हिडिओ तर कोणत्याच दुकानात मिळाला नसता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. पुसायचे होते सिनेमे, आणि जाणार होती आई.

आधी बघा, मग झाडा

पडद्यावर 'धिस पीसी' उघडा. तिथे सी, डी अशी नावे आणि प्रत्येकात किती जागा मोकळी ते दिसते. आपल्याकडे दुकानात जोडून घेतलेल्या बऱ्याच कॉम्प्युटरांत सी लहान आणि डी भलामोठा रिकामा असतो.

मग 'सेटिंग्ज', त्यात 'सिस्टीम', त्यात 'स्टोरेज'. सीवर काय किती साठले आहे याची यादीच तिथे मिळते. प्रोग्रॅम इतके, व्हिडिओ इतके, तात्पुरत्या फाइली इतक्या. ही यादी वहीत उतरवून घ्या. वाण्याच्या यादीसारखीच ती पुढे उपयोगी पडते.

आता कचरा. 'टेम्पररी फाइल्स'वर टिचकी मारली की काय काय काढता येईल ते यंत्रच सांगते. रिसायकल बिन म्हणजे केराची टोपली; पण टोपलीत हात घालून एकदा बघा, चमचा-वाटी गेली नाही ना! 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' दिसले तर ती आधीच्या विंडोजची जुनी प्रत असते, आणि ती पुष्कळ जागा खाते. नवे विंडोज ठीक चालत असेल तर काढायला हरकत नाही, मात्र मग मागे फिरता येत नाही.

त्याच यादीत 'डाउनलोड्स' नावाचाही चौकोन असतो. त्यावर खूण करू नका! बहुतेक घरांत निम्मा संसार त्यातच असतो. सातबाऱ्याची प्रत, मुलांचे निकाल, लग्नाची पत्रिका, सगळे तिथेच. तो फोल्डर उघडून, एकेक बघून, हातानेच निवडावा. तांदूळ निवडतो तसा.

आपले सामान डीवर कसे न्यायचे?

डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज, म्युझिक, डाउनलोड्स हे फोल्डर मुळात सीवर असतात. ते उचलून डीवर टाकले असे करू नये. विंडोजला त्यांचा नवा पत्ता कळवावा लागतो. त्याची रीत अशी:

१. आधी डीवर एक नवा फोल्डर करा, त्यात 'फोटो', 'व्हिडिओ', 'उतरवलेले' असे वेगवेगळे फोल्डर करा.

२. सीवरच्या 'व्हिडिओज' फोल्डरवर माऊसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा. त्यात 'लोकेशन' नावाचे पान असते.

३. 'मूव्ह' दाबा आणि डीवरचा 'व्हिडिओ' फोल्डर दाखवा. मग 'ओके'.

४. जुन्या जागेवरच्या फाइली नव्या जागी नेऊ का, असे यंत्र विचारते. 'येस' म्हणा आणि काम पुरे होईपर्यंत हात लावू नका.

एक धोक्याची सूचना. 'मूव्ह' करताना नुसता 'डी' दाखवू नका, डीमधला फोल्डरच दाखवा. नाहीतर यंत्र सबंध डीलाच 'व्हिडिओज' समजायला लागते आणि नंतर तो गुंता सोडवता सोडवता नाकी नऊ येतात. घरात 'वनड्राइव्ह' चालू असेल आणि हे फोल्डर तो सांभाळत असेल, तर आधी त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तो सांभाळ थांबवावा लागतो, आणि आपल्या फाइली कुठे आहेत ते बघावे लागते.

आणि हो, आपल्याकडे लाईन केव्हा जाईल याचा नेम नसतो. टेबलावरचा कॉम्प्युटर बॅटरीच्या आधाराशिवाय चालत असेल तर वादळवाऱ्याच्या दुपारी हे काम काढू नका. फाइली मोलाच्या असतील तर आधी डीवर नक्कल करावी, चार-पाच उघडून पाहाव्या, मगच फोल्डर हलवावा.

प्रोग्रॅमचे सामान: सांगून हलवा

इथवर सोपे होते. खरी गंमत पुढे आहे. आपण फाइली साठवतो तशा प्रोग्रॅमही स्वतःच्या फाइली साठवत असतात. ब्राउझर पाहिलेली चित्रे ठेवतो, टेलिग्राम आलेले व्हिडिओ ठेवतो, मुलांचे खेळ आपापले गाठोडे ठेवतात. यातले बरेचसे 'अ‍ॅपडेटा' नावाच्या फोल्डरात जाते, आणि तो सहसा दिसत नाही, लपवलेला असतो. आत 'लोकल', 'लोकल-लो' आणि 'रोमिंग' अशा तीन खोल्या. सी भरण्याचे कारण कळत नाही, फोटो काढले तरी जागा होत नाही, तेव्हा चोर बहुधा इथे असतो.

ज्यांना हा फोल्डर सापडतो त्यांना तो सबंध उचलून डीवर टाकण्याचा मोह होतो. तसे कदापि करू नका. विंडोज स्वतःही तिथे बसलेले असते. सासूबाई बाहेर गेल्या असताना त्यांचे कपाट दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवले तर काय होईल? तेच इथे होते. प्रोग्रॅम आपले सामान जुन्या जागी शोधतो, मिळाले नाही की रिकामे घर मांडून बसतो किंवा सुरूच होत नाही. आपल्याला वाटते सगळे गेले.

म्हणून नियम एकच. प्रोग्रॅमचे सामान प्रोग्रॅमच्या हातूनच हलवावे. पुष्कळांत तशी सोय असते.

ब्राउझर: क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'डाउनलोड्स'खाली 'लोकेशन' बदलता येते. पुढच्या सगळ्या फाइली डीवर उतरतात. साठलेली चित्रे काढायची तर 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स' एवढ्यावरच खूण करा, पासवर्डच्या चौकोनाला हात नको.

टेलिग्राम: सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड'खाली उतरवलेल्या फाइलींची जागा बदलता येते, आणि साठवण किती हवी त्याची मर्यादाही ठरवता येते.

टॅली: हिशेबाचे ठिकाण बदलण्याची सोय टॅलीतच आहे. आधी बॅकअप घ्यायचा, टॅली बंद करायची, हिशेबाच्या फोल्डरची डीवर नक्कल करायची, मग टॅलीला नवा पत्ता द्यायचा. नव्या जागेवरून हिशेब उघडला, शेवटची नोंद बरोबर दिसली की मगच जुना फोल्डर काढायचा. वहिनींकडे आम्ही असेच केले. भाऊजी आधी साशंक होते, शेवटच्या दिवसाची उधारी पैशासकट जुळलेली पाहिली तेव्हा कुठे चहा मागितला!

खेळ: स्टीमवरचे खेळ असतील तर त्याच्या सेटिंग्जमध्ये डीवर नवी जागा देऊन खेळ तिकडे पाठवता येतात.

मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेले काही प्रोग्रॅम 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स'च्या यादीतून 'मूव्ह' म्हणून हलवता येतात. बाकीचे मोठे प्रोग्रॅम हलवायचे नसतात. ते रीतसर काढून, पुन्हा बसवताना डी दाखवायचा असतो.

काही प्रोग्रॅम मात्र हट्टी, जागा बदलू देत नाहीत. त्यांच्यासाठी विंडोजमध्ये 'जंक्शन' नावाची युक्ती आहे. घर बदलल्यावर जुन्या दारावर 'आम्ही पलीकडच्या गल्लीत राहायला गेलो' अशी पाटी लावतो ना, तशीच ही पाटी. सामान डीवर असते, जुन्या जागी पाटी असते, आणि प्रोग्रॅमला वाटते सगळे आहे तिथेच आहे. आयट्यून्स आयफोनचा बॅकअप सीवरच ठेवते, तिथे पुष्कळ लोक ही युक्ती वापरतात. ही पाटी आज्ञा टाइप करून लावावी लागते, म्हणून जाणत्या माणसाला जवळ बसवा. क्रम मात्र तुम्ही लक्षात ठेवा. प्रोग्रॅम बंद करणे, फोल्डरची डीवर नक्कल, जुन्या फोल्डरचे नाव बदलून ठेवणे, पाटी लावणे, प्रोग्रॅम चालवून पाहणे, आणि आठवडाभर सुरळीत चालला की जुना फोल्डर पुसणे. पाटीच्या फोल्डरात शिरून काही पुसले तर ते डीवरचे खरेच पुसले जाते, हेही ध्यानात असू द्या.

या खोल्यांना हात नको

विंडोज, प्रोग्रॅम फाइल्स, प्रोग्रॅमडेटा या नावांचे फोल्डर हलवू नका, आतले काही पुसू नका. 'विनएसएक्सएस' नावाचा फोल्डर फार मोठा दिसतो. तो विंडोजचा साठा आहे, त्याला हाताने हलवणे किंवा पुसणे म्हणजे भिंतीतली वीट काढणे. 'एका टिचकीत जागा करून देऊ' म्हणणारे फुकटचे प्रोग्रॅमही नकोत. यंत्राची स्वतःची केरसुणी पुरेशी आहे.

हलवणे म्हणजे जपणे नव्हे

हे नीट समजून घ्या. बहुतेक घरांत सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन दालने असतात. मधे भिंत असली तरी छप्पर एकच. डिस्क बिघडली तर दोन्ही जातात. म्हणून हिशेब, प्रमाणपत्रे आणि घरच्या फोटोंची एक प्रत वेगळ्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवाच. काम झाले की ती सुटी करून कपाटात. शाळेच्या प्रश्नपत्रिका आणि गुणांच्या याद्या मी अशाच ठेवते.

मैत्रिणींच्या काही शंका

आमच्याकडे डी नाहीच, नुसता सी आहे. मग?
सीचेच दोन भाग करून जागा वाढत नाही. एका भाकरीचे दोन तुकडे केले तर भाकरी दोन होत नाहीत! बाहेरची हार्ड डिस्क घ्या, किंवा यंत्रात दुसरी डिस्क बसते का ते विचारा. बाहेरच्या डिस्कवर फोटो-व्हिडिओ ठेवा. प्रोग्रॅमचे चालू सामान मात्र तिथे नको, डिस्क काढली की प्रोग्रॅम अडतो.

डीमधली जागा सीला देता येते का?
येते, पण विंडोजच्या स्वतःच्या सोयीने द्यायची तर रिकामी जागा सीला अगदी लागून पुढे हवी. त्यासाठी बहुधा डी रिकामा करून काढून टाकावा लागतो. सगळ्याची प्रत बाहेर घेतल्याशिवाय कुणालाही हे करू देऊ नका.

१२८ जीबीची डिस्क घेतली, यंत्र ११९ दाखवते. दुकानदाराने फसवले काय?
नाही हो. मापात फरक आहे. डिस्क करणारे १०० कोटी बाइटांचा एक जीबी धरतात, विंडोज सुमारे १०७ कोटी ३७ लाखांचा. गावोगावची पायली सारखी नसायची, तसेच हे. धान तेवढेच, माप मोठे.

किती जागा मोकळी ठेवावी?
सीवर निदान १५-२० जीबी तरी असू द्या. महिन्यातून एकदा, गॅसची टाकी बदलली की, 'स्टोरेज'चे पान उघडून बघायची सवय लावा.

आणि यंत्र दुकानात न्यावेच लागले, तर जाण्याआधी वहीत उतरवलेली यादी सोबत घ्या. "डेटाची प्रत घेतल्याशिवाय फॉरमॅट करायचा नाही, आणि प्रत आधी मला उघडून दाखवायची," असे स्पष्ट सांगा. त्यात संकोच कसला? सोनाराकडे दागिना उजळायला देतानाही आपण वजन करूनच देतो.